चोथायुक्त खाण्याने खरंच आजार टळतात का?

तुम्ही विचारलंय, घरात मधुमेह आहे तर जेवणात तंतुमय (चोथा असलेले) पदार्थ वाढवून काही फरक पडतो का. पडतो. 2019 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मोठ्या आढाव्यात रोज 25 ते 29 ग्रॅम तंतू खाणाऱ्यांमध्ये हृदयविकार, पक्षाघात, टाइप 2 मधुमेह आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग यांचं प्रमाण कमी दिसलं. पाण्यात विरघळणारे तंतू साखर रक्तात हळूहळू उतरू देतात, कोलेस्टेरॉलही थोडं खाली आणतात.

नाशिकमध्ये यासाठी महागडी पाकिटं घ्यायची गरज नाही. पेठ-सुरगाण्याकडची नागली (नाचणी) बाजारात मिळते. शंभर ग्रॅममध्ये साधारण 11 ग्रॅम तंतू, पॉलिशच्या तांदळात जेमतेम 3. नागलीची भाकरी, मोड आलेली मटकी, सालीसकट पेरू! मिसळ आवडत असेल तर मटकी जास्त घ्या, पाव एकच, तर्री बेताची. द्राक्षं अख्खी खा, रस नको, पण साखर असते म्हणून मूठभरच.

एकदम वाढवू नका, पोट फुगतं. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा, पाणी भरपूर प्या. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, साखर खाली जाऊ शकते.