१९५२ साली बाबासाहेब हरले तो ‘मुंबई शहर उत्तर’ मतदारसंघ आज कुठे आहे? त्यांना त्यांच्याच लोकांनी मतं दिली नाहीत, हे खरं का?

दुसऱ्या प्रश्नासाठी लिहितोय. हेच वाक्य मी नववीत भर वर्गात ऐकलं होतं. इतिहासाचे सर म्हणाले, “आंबेडकरांना त्यांच्याच लोकांनी पाडलं,” आणि पुढच्या धड्याकडे वळले. मी नायगावच्या बीडीडी चाळीतला. काहीतरी बोलावं म्हणून उभा राहिलो, पण आकडे माहीत नव्हते. खाली बसलो.

घरी येऊन आजीला विचारलं. तिने १९५२ च्या जानेवारीत त्याच चाळीतून मत दिलं होतं. तेव्हाच्या कागदावर नावं नसायची, शिक्का मारायचा नसायचा. प्रत्येक उमेदवाराची वेगळी लोखंडी पेटी, तिच्यावर चिन्ह चिकटवलेलं, आणि कागद पेटीत टाकायचा. चाळीतल्या पोरांनी आठवडाभर आधी गॅलरीत डालड्याचे रिकामे डबे मांडून बायकांची तालीम घेतली होती. एका डब्यावर खडूने हत्ती, दुसऱ्यावर झाड. “एक कागद हत्तीला, एक झाडाला,” असं घोकून घेतलं. हत्ती बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन या पक्षाचा, झाड समाजवादी पक्षाचं, कारण बाबासाहेब आणि अशोक मेहता यांची युती होती. आजी आत गेली, पडद्यामागे उभी राहिली आणि तिने दोन्ही कागद हत्तीच्या पेटीत टाकले. “बाबासाहेब सोडून दुसऱ्याला कशाला देऊ?” हे ती शेवटपर्यंत अभिमानाने सांगायची. एकाच उमेदवाराला दोन मतं दिली तर एकच धरलं जायचं आणि दुसरं बाद व्हायचं, हा नियम मला बऱ्याच वर्षांनी कळला. तिला मी तो सांगितला नाही.

आता दोन कागद का, ते. हा द्विसदस्य मतदारसंघ होता. दोन खासदार, त्यातली एक जागा अनुसूचित जातींसाठी राखीव. पण राखीव जागेचा उमेदवारसुद्धा सगळे मतदार मिळून निवडायचे, फक्त दलित मतदार नव्हे. पुणे कराराने १९३२ मध्ये स्वतंत्र मतदारसंघ गेले, त्याचाच हा परिणाम. म्हणून “त्यांच्याच लोकांनी पाडलं” हे म्हणणं मुळातच चुकीचं आहे. त्यांच्या लोकांच्या हातात तो निकाल नव्हताच.

आकडे बघा. काँग्रेसचे विठ्ठल बाळकृष्ण गांधी १,४९,१३८. अशोक मेहता १,३९,७४१. राखीव जागेवर काँग्रेसचे नारायण सदोबा काजरोळकर १,३८,१३७. बाबासाहेब १,२३,५७६. कम्युनिस्ट पक्षाचे डांगे ९६,७५५. बाबासाहेब काजरोळकरांकडून हरले १४,५६१ मतांनी. आता मेहतांचा आकडा बाबासाहेबांच्या आकड्याशेजारी ठेवा. फरक १६,१६५ चा. म्हणजे झाडाला मत देणाऱ्या किमान एवढ्या लोकांनी दुसरा कागद हत्तीला दिला नाही. माझ्या मते बाबासाहेब इथे हरले. चाळीतल्या बायकांनी झाडाकडे पाठ फिरवली असेल तर त्यात नुकसान मेहतांचं झालं, बाबासाहेबांचं नाही.

बाद झालेली मतं ७४,३३३. डांग्यांच्या बाजूने दुसरं मत वाया घालवायचा प्रचार झाला, असा बाबासाहेब आणि मेहता यांचा आरोप होता. त्यांनी अर्जही केला, पण निकाल बदलला नाही. सगळं खापर कम्युनिस्टांवर फोडणारे आमच्याकडे खूप आहेत. मी फोडत नाही, कारण त्या ७४ हजारांतलं एक मत माझ्या आजीचं होतं.

पहिल्या प्रश्नाचं थोडक्यात. १९५७ ला रचना बदलली आणि गिरणगावाच्या भागातली जोडजागा ‘मुंबई शहर मध्य’ झाली. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेत तिथून डांगे आणि फेडरेशनचे गो. का. माने एकत्र निवडून आले. पाच वर्षांपूर्वीचे वैरी एका मांडवात, आणि बाबासाहेबांना जाऊन चार महिनेही झाले नव्हते. आजी त्या निकालाच्या दिवशी रडली होती. १९६१ च्या कायद्याने जोडजागा बंद झाल्या. १९६२ ला ‘मध्य दक्षिण’मधून पुन्हा वि. बा. गांधी आणि ‘मध्य उत्तर’मधून पुन्हा काजरोळकर आले. १९६७ ला ‘मध्य दक्षिण’ डांग्यांकडे आणि ‘मध्य’ रा. धों. भंडारे यांच्याकडे, काँग्रेसतर्फे. भंडारे राज्यपाल झाल्यावर १९७४ ला पोटनिवडणूक लागली. दलित पँथरने बहिष्कार पुकारला, वरळीत दंगल झाली आणि डांग्यांच्या कन्या रोझा देशपांडे जिंकल्या. १९७७ पासून ही नावं गेली. आमचं नायगाव आज मुंबई दक्षिण-मध्यमध्ये आहे, वरळी-शिवडी मुंबई दक्षिणमध्ये. आज मुंबईत लोकसभेची एकही राखीव जागा नाही.

कोणी तुमच्यासमोर ते वाक्य म्हटलं तर वाद घालू नका, कागदावर मेहता आणि आंबेडकर यांचे आकडे एकाखाली एक लिहा आणि वजाबाकी करायला द्या. मी तेच केलं. काही वर्षांपूर्वी एका लग्नात सर भेटले. पत्रिकेच्या पाकिटावर मी आकडे लिहिले. त्यांनी चष्मा लावून वजाबाकी केली, पाकीट खिशात ठेवलं आणि म्हणाले, “हे मला कोणी सांगितलं नव्हतं.”

एक सांगायचं राहिलं. काँग्रेसमध्येही गांधी आणि काजरोळकर यांच्यात ११,००१ चा फरक आहे, म्हणजे दुसरं मत फुटलं ते दोन्हीकडे. समाजवाद्यांनी मुद्दाम दगा दिला असं मी म्हणत नाही. आणि या भागाचे १९५२ नंतरचे निकाल ‘मुंबई शहर उत्तर’ या नावाने शोधू नका. १९५७ पासून ‘मुंबई शहर उत्तर’ म्हणजे कृष्ण मेनन यांचा मतदारसंघ, तो वेगळा.