बोट दाखवलं, आता पुढे काय?

प्रश्न : कापूरबावडीच्या सिग्नलला एका दुचाकीवाल्याला वाट दिली नाही म्हणून त्याने खिडकीशी येऊन माझ्याकडे बघत मधलं बोट दाखवलं. पोलीस ठाण्यात ‘बोटाची काय तक्रार, एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करतो’ म्हणाले. गाडीत डॅशकॅम (काचेवरचा कॅमेरा) आहे. (एक वाचिका, घोडबंदर रोड)

उत्तर : एनसी नव्हे, एफआयआर. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ मध्ये (१ जुलै २०२४ पूर्वीचं भादंवि ५०९) स्त्रीच्या विनयशीलतेचा अवमान करण्याच्या हेतूने केलेल्या शब्द, आवाज, वस्तूंबरोबर हावभावही आहे. गुन्हा दखलपात्र पण जामीनपात्र. शिक्षा तीन वर्षांपर्यंत साधी कैद आणि दंड. घोडं अडतं ते हेतूवर. जबाबात नुसतं ‘हातवारे केले’ असं आलं, की समोरचा ‘पुढे व्हा म्हणून हात केला’ म्हणायला मोकळा. कोणता हात, काचेपासून किती अंतर, नजर कुठे, तोंडाने काय बोलला, हे सगळं लिहून घ्यायला लावा आणि वाचूनच सही करा. तरी नोंद झाली नाही, तर तक्रार लेखी, पोस्टाने पोलीस उपायुक्तांकडे. तिथेही दाद नाही लागली तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे.

आता डॅशकॅम. तो एक, तीन किंवा पाच मिनिटांचे तुकडे साठवतो आणि कार्ड भरलं की सर्वांत जुन्या तुकड्यावर नवा चढवतो. ३२ जीबीच्या कार्डात फुल एचडीचे साधारण चार-पाच तासच मावतात, म्हणजे घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये दोन दिवस. त्याच वेळी लॉकचं बटण दाबा, घरी पोहोचल्यावर कार्ड काढा आणि ते पुन्हा वापरू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाइल दाबली जाते. नंबरप्लेट पुसट होते आणि हॅश, म्हणजे फाइलवरून काढलेला तिच्या ओळखीचा क्रमांक, मूळ फाइलशी जुळत नाही. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात तोच हॅश लिहायचा असतो. कॅमेऱ्याचं घड्याळ पुढे-मागे असेल तर फरक जबाबातच सांगा. आणि एक : पुढच्या काचेवरच्या कॅमेऱ्यात खिडकीजवळचं बोट बहुधा येतच नाही, पुढे निघून जाणारी नंबरप्लेट तेवढी येते. म्हणून शेजारी बसलेल्याचा जबाब सोडू नका.

प्रश्न : खारघरच्या आमच्या सोसायटीत पार्किंगवरून एक शेजारी येता-जाता मला बोट दाखवतो. मी पुरुष आहे. कलम ७९ लागेल का?

उत्तर : नाही. तुमच्यासाठी कलम ३५२, म्हणजे शांतता भंग व्हावी म्हणून मुद्दाम केलेला अपमान. शिक्षा दोन वर्षांपर्यंत, पण गुन्हा अदखलपात्र, त्यामुळे इथे एनसीच होते आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. म्हणून ती कचऱ्यात टाकू नका. दोन-तीन एनसी साठल्या की चॅप्टर केस करता येते, म्हणजे ‘शांतता राखीन’ असा वर्षभरापर्यंतचा बाँड लिहून घेतात. सोसायटीच्या सीसीटीव्हीचा डीव्हीआरही (रेकॉर्डर) जुनं पुसतो. सेक्रेटरींना त्याच दिवशी तारीख-वेळेसह पत्र द्या. उलट बोट दाखवलंत तर तुमच्यावरही क्रॉस एनसी ठरलेली.

प्रश्न : विराट कोहलीने सिडनीत बोट दाखवलं तर फक्त दंड. मोठ्यांना वेगळा न्याय?

उत्तर : न्याय नव्हे, आचारसंहिता. जानेवारी २०१२ मध्ये त्याने प्रेक्षकांकडे बोट केलं आणि सामन्याच्या मानधनातले ५० टक्के गेले. आयसीसीच्या आजच्या संहितेत हावभावांसाठी स्वतंत्र कलम आहे : ताकिदीपासून ५० टक्क्यांपर्यंत दंड, वर एक-दोन डिमेरिट गुण, २४ महिन्यांत चार गुण झाले की बंदी. राजकारण्यांना असा सामनाधिकारी नसतो. अमेरिकेचे उपाध्यक्ष नेल्सन रॉकफेलर यांनी १९७६ मध्ये निदर्शकांना हसत-हसत बोट दाखवलं, त्याचा फोटो राहिला.

प्रश्न : ऐरोलीच्या आयटी पार्कमधून परदेशी ग्राहकांशी व्हिडिओ कॉल असतात. कोणत्या खुणा टाळू?

उत्तर : पहिली म्हणजे तळवा स्वतःकडे करून दाखवलेली दोन बोटं. ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलियात ती थेट शिवी. जॉर्ज बुश थोरले १९९२ मध्ये कॅनबेरात निदर्शक शेतकऱ्यांना ‘व्ही’ करायला गेले, तळवा उलटा पडला आणि बातमी झाली. आपण ‘दोन मिनिटं’ सांगताना नेमके असेच चुकतो. ग्रीसमध्ये पाची बोटं फाकवून तळवा समोर धरणं, म्हणजे आपलं ‘थांबा’, हाही अपमान. ब्राझीलमध्ये अंगठा-तर्जनीची गोल खूण नको. मॅकबुकवर सोनोमा किंवा पुढची आवृत्ती असेल तर ‘व्ही’ केल्यावर स्क्रीनवर फुगे उडू शकतात. मेनूबारमधल्या हिरव्या कॅमेऱ्यावर क्लिक करून रिअ‍ॅक्शन्स बंद करा.

प्रश्न : मधलं बोट आपलं की पाहुणं? (एक आजोबा, नौपाडा)

उत्तर : पाहुणं. रोमन लोक त्याला ‘निर्लज्ज बोट’च म्हणत. आपल्याकडे ठेंगा होता, एखाद्याच्या नावाने बोटं मोडणं होतं आणि शिमग्याला पालथा हात तोंडावर आपटत मारलेली बोंब. ती मारायला तर अख्खा तळहात लागायचा!