पॉम्पेईत टाळ्या कुणी वाजवायच्या?

गेल्या अंकात पिंक फ्लॉइडच्या पॉम्पेईच्या फिल्मवर चार ओळी लिहिल्या आणि पोस्टमनला काम लागलं. ज्यांच्या हातून तो अंक निसटला त्यांच्यासाठी थोडक्यात: ऑक्टोबर १९७१मध्ये या इंग्लिश बँडने (गिटारवर डेव्हिड गिल्मोर, बासवर रॉजर वॉटर्स, कीबोर्डवर रिचर्ड राइट, ड्रमवर निक मेसन) इटलीतल्या पॉम्पेईच्या उजाड रोमन आखाड्यात, प्रेक्षकांना न बोलावता, कॅमेऱ्यांपुढे वाजवलं. २०२५मध्ये ती फिल्म नव्याने साफसूफ होऊन आली. पत्रांतली निवडक घेतो. एकाच प्रश्नाची पत्रं एकत्र केली आहेत आणि शिव्या गाळल्या आहेत.

मुलगा बारावीत आहे, गिटार शिकतो. तो म्हणतो, समोर माणसंच नाहीत तर ती मैफल कसली? तो नुसता व्हिडिओ झाला. मी म्हणतो, फ्लॉइडचं याहून चांगलं प्रत्यक्ष वादन कॅमेऱ्यात सापडलेलंच नाही. रोज जेवताना वाद होतो. निकाल द्या. (डोंबिवली)

निकाल मुलाच्या बाजूने दिला तर तुम्ही वर्गणी बंद कराल, तेव्हा आधी हकिगत सांगतो.

दिग्दर्शक एड्रियन मेबन सुट्टीत पॉम्पेई बघायला गेला होता. तिथे त्याचा पासपोर्ट हरवला. तो शोधायला संध्याकाळी परत आखाड्यात गेला, तेव्हा तिथे चिटपाखरू नव्हतं. फिल्म इथेच करायची हे त्याच्या मनाने तेव्हा घेतलं. त्या काळात रॉकच्या फिल्म म्हणजे लाखोंची गर्दी, चिखल आणि नाचणारी पोरं. वुडस्टॉकच्या फिल्मने तो साचाच करून टाकला होता. मेबनला त्याच्या नेमकं उलट काहीतरी हवं होतं. म्हणजे प्रेक्षक नसणं ही अडचण नव्हती, फिल्मचा पायाच तो होता.

परवानगी कशी मिळाली ते ऐका, कारण तुम्हा चाहत्यांचा त्यात वाटा आहे. नेपल्स विद्यापीठातले एक प्राध्यापक, उगो कार्पुती, फ्लॉइडचे भक्त निघाले. त्यांनी अधिकाऱ्यांची मनधरणी करून आखाडा सहा दिवस बंद ठेवायला लावला. सामान लंडनहून ट्रकने आलं, मांडलं, आणि मग कळलं की एवढ्या अॅम्प्लिफायरना पुरेल इतकी वीजच तिथे नाही. शेवटी गावातून लांबलचक केबल ओढून आणली. या भानगडीत दिवस गेले आणि चित्रीकरणाला ४ ते ७ ऑक्टोबर एवढाच वेळ उरला. हे वाचून मला हसू आलं. मी आयुष्यभर नाटकांचा ध्वनी सांभाळला. तालुक्याच्या गावी टेम्पोतून स्पीकर उतरवून झाल्यावर ‘साहेब, थ्री फेज नाहीये’ हे वाक्य ज्याने ऐकलंय त्यालाच त्या केबलची किंमत कळेल.

मुख्य मुद्दा असा की, बँडने आधीच बजावलं होतं, आम्ही रेकॉर्डवर ओठ हलवणार नाही, जे वाजेल ते खरं वाजेल. म्हणजे पॉम्पेईच्या प्रसंगांत दिसतं ते वादन आहे. गिल्मोरच्या पाठीवर ऊन पडलंय, वॉटर्स घंटेवर तुटून पडतोय, आणि ‘एकोज’मध्ये गिल्मोर आणि राइट एका श्वासात गाताहेत. ‘एकोज’ ज्या ‘मेडल’ अल्बममध्ये आहे तो तेव्हा बाजारात यायचा होता. ज्याची रेकॉर्ड अजून दुकानातही आलेली नाही असं तेवीस मिनिटांचं गाणं चौघं दगडांना ऐकवताहेत!

आता तुमच्या मुलाच्या म्हणण्याकडे येतो, कारण त्यात दम आहे. दुपारी रिकाम्या नाट्यगृहात जो बॅलन्स लावावा तो रात्री बदलावा लागतो. माणसं, त्यांचे कपडे, खुर्च्यांवर टाकलेल्या शाली, सगळं आवाज पिऊन टाकतं. पण बदल फक्त आवाजात होत नाही. हशा आला की नट वाक्य थांबवतो, टाळी आली की गाणारा पुढची जागा आणखी लांबवतो. ‘अ सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स’च्या शेवटी गिल्मोरचा तो शब्दांविना आलाप वर वर चढत जातो आणि थांबतो. तिथे हात आपोआप टाळीसाठी उचलले जातात. पुढे शांतता. इतक्यांदा पाहूनही मला त्या ठिकाणी काहीतरी अडकल्यासारखं होतं.

तरीही मुलाला एवढं विचारा: आकाशवाणीच्या स्टुडिओत आपले मोठमोठे गवई काचेपलीकडच्या एका माणसाला ऐकवत गायले. त्या मुद्रणांना ‘नुसतं रेकॉर्डिंग’ म्हणून तो बाजूला ठेवणार का? समोर कुणी नसल्यामुळे पॉम्पेईत हे चौघं एकमेकांकडे बघतात. कॅमेरा त्यांच्या मागे, स्पीकरच्या भिंतीमागून सरकत जातो आणि हात, पेडल, वायरी दिसतात. गर्दीच्या कॉन्सर्टमध्ये कॅमेरावाल्याला दर मिनिटाला रडणारी एखादी मुलगी दाखवावी लागते. तो वेळ इथे वाजवणाऱ्यांच्या वाट्याला आला. माझ्या लेखी ही मैफल आहे आणि पक्की आहे.

आणि अगदीच माणूस नव्हतं असंही नाही. गावातली काही पोरं आत घुसली होती, त्यांना गप्प बसून बघू दिलं म्हणतात. तिकीट न काढता!

जाता जाता, भांडकुदळ चाहत्यांसाठी एक गोष्ट. हा आखाडा ख्रिस्तपूर्व ७०च्या सुमाराचा, दगडी रोमन आखाड्यांत आज उभा असलेला सर्वांत जुना. इसवी सन ५९मध्ये इथे पॉम्पेईकर आणि शेजारच्या नुकेरियाहून आलेले प्रेक्षक यांच्यात एवढी मारामारी झाली की रोमच्या सिनेटने दहा वर्षं तिथल्या खेळांवर बंदी घातली. तुमचं जेवणाच्या ताटावरचं भांडण त्या मानाने सौम्य आहे.

‘वन ऑफ दीज डेज’मध्ये कॅमेरा सारखा ड्रमरवरच का? बाकीचे तिघं काय चहाला गेले होते? माझा भाऊ म्हणतो, निक मेसनने दिग्दर्शकाला पैसे चारले. (नागपूर)

भावाला सांगा, रिळं हरवली. बाकीच्यांवर चित्रित झालेला भाग गहाळ झाला आणि संकलनाच्या वेळी हाती उरला मेसन. बिचाऱ्याला न मागता अख्खं गाणं मिळालं. आणि त्याने त्याचं चीज केलंय. मध्येच हातातली काठी निसटते, तो दुसरी उचलतो आणि ताल जागचा हलत नाही. ड्रम शिकणाऱ्या पोरांनी तो तुकडा पुन्हापुन्हा बघावा. नीट चित्रित झालेल्या कितीतरी कॉन्सर्टपेक्षा या अपघाताने मला ड्रमरबद्दल जास्त शिकवलं.

बाजारात नि इंटरनेटवर याच्या इतक्या आवृत्त्या आहेत की डोकं फिरतं. कुठली बघू? एकात बँड कॅन्टीनमध्ये जेवतो, एकात अंतराळातले ग्रह फिरतात. (कोल्हापूर)

ग्रह फिरणारी बघू नका.

आता कारण. पहिली फिल्म साठ मिनिटांची होती, १९७२ साली एडिंबरा महोत्सवात दाखवलेली. तीत फक्त वादन आहे. मग लंडनच्या अॅबी रोड स्टुडिओतलं, ‘डार्क साइड ऑफ द मून’ अल्बमच्या वेळचं चित्रीकरण आणि मुलाखती जोडून १९७४ साली लांब आवृत्ती निघाली. कॅन्टीन तिथलं. काहींना ते जेवण भरताड वाटतं. मला आवडतं, कारण एवढी गंभीर थोबाडं करून वाजवणारी माणसं जेवणाच्या टेबलावर किती टिवल्याबावल्या करतात ते दिसतं. २००३च्या डीव्हीडीत दिग्दर्शकाने आपली फिल्म ‘सुधारली’. संगणकावर बनवलेले ग्रह आणि ज्वालामुखी घुसवले, रुंद पडद्यासाठी चित्राची वरची-खालची बाजू कापली. चाहते भडकले, आणि बरोबर भडकले. ज्या फिल्मचं सगळं बळ ‘काहीही नसण्या’त आहे तिच्यात आरास कशाला? त्या डीव्हीडीचा एक उपकार मात्र आहे, तिच्यात जोड म्हणून मूळ साठ मिनिटांची फिल्म दिली आहे.

२०२५ची आवृत्ती घ्या. बँडच्याच संग्रहात मूळ ३५ मिमी निगेटिव्हचे डबे सापडले, त्यांवरून ती नव्याने तयार झाली. आवाजाचं मिश्रण स्टीव्हन विल्सनचं आहे. पवईच्या आयआयटीत २००९च्या डिसेंबरात ‘मूड इंडिगो’ महोत्सवाला जो पॉर्क्युपाइन ट्री बँड वाजवून गेला, त्याचाच हा म्होरक्या. तुमच्यापैकी काहीजण त्या रात्री तिथे होते असं पत्रांवरून दिसतं. ड्रम आता वेगवेगळे कळतात आणि वॉटर्सच्या बासला अंग आलंय. दोन-तीन वाचकांची तक्रार आहे की आवाज ‘फार स्वच्छ’ झाला, जुन्या कॅसेटवरची ती धूळ गेली. धूळ हवी असेल तर जुनी कॅसेट अजून वाजते की.

एक गंमत शोधा. सगळी गाणी पॉम्पेईत झालेली नाहीत. ‘केअरफुल विथ दॅट अॅक्स, यूजीन’ आणि ‘सेट द कंट्रोल्स फॉर द हार्ट ऑफ द सन’ ही १९७१च्याच डिसेंबरात पॅरिसच्या स्टुडिओत घेतली. रिचर्ड राइटकडे बघा. पॉम्पेईत दाढी आहे, पॅरिसमध्ये नाही.

पॉम्पेई-पॉम्पेई काय लावलंय? ‘पल्स’ बघा! दिवे, गोल पडदा, ‘कम्फर्टेबली नम्ब’चा तो आरशांचा गोळा! आमच्या ग्रुपमध्ये दहातले आठ ‘पल्स’वाले आहेत. (पुणे, सदाशिव पेठ)

पेठेचा पत्ता वाचूनच कळलं की हा प्रश्न नसून आदेश आहे.

‘पल्स’ म्हणजे लंडनच्या अर्ल्स कोर्टमधला २० ऑक्टोबर १९९४चा कार्यक्रम. दिग्दर्शन डेव्हिड मॅलेटचं, आणि ‘डार्क साइड’ पहिल्यापासून शेवटपर्यंत. गिल्मोरची गिटार यापेक्षा गोड कुठे वाजली असेल तर मला दाखवा. पण मंचावर माणसं मोजा. रॉजर वॉटर्स नाही, बास गाय प्रॅट वाजवतो. शिवाय दुसरा कीबोर्डवाला, दुसरा गिटारवाला, आणखी एक तालवादक, सॅक्सोफोनवर डिक पॅरी आणि मागे गाणाऱ्या तिघीजणी. एवढ्या हातांनी भरलेला आवाज सुंदर असतो, पण त्यात कोण काय करतंय हे शोधावं लागतं. पॉम्पेईत चौघं आहेत आणि त्यातल्या एकाने हात काढला तर भोक पडतं. ते भोक पडू न देण्याची धडपड मला बघायला आवडते. तुमच्या आठ जणांना दिवाळी आवडते. आवडो.

वॉटर्सला चुकवलं म्हणून हळहळणाऱ्यांसाठी: तो फेब्रुवारी २००७मध्ये मुंबईत ‘डार्क साइड’ घेऊन आला होता. पिंक फ्लॉइड म्हणून नव्हे, स्वतःच्या वाद्यवृंदासह.

याच पत्रात पुढे विचारलंय, गिल्मोर २०१६ला पॉम्पेईत परत गेला, त्यात ‘एकोज’ का नाही? गेला खरा, ७ आणि ८ जुलैला, आणि या वेळी समोर प्रेक्षक होते. जुन्या फिल्ममधलं एकच गाणं त्याने घेतलं, ‘वन ऑफ दीज डेज’. रिचर्ड राइट २००८मध्ये वारला. ‘एकोज’ हे त्या दोघांच्या गळ्यांचं गाणं होतं आणि राइटशिवाय ते करायचं नाही असं गिल्मोरने ठरवलं. चाहते यावर नाराज आहेत. मी नाही. जोडीच्या नाटकात एक नट गेला की काही प्रयोग कायमचे बंद करतात, ते शहाणपणाचं असतं.

तो कुत्रा! माईक तोंडाशी धरून त्याला रडवलंय असं माझ्या पत्नीला वाटतं. ती पुढची फिल्म बघायला तयार नाही. (पणजी)

वहिनींना सांगा, कुत्रीचं नाव नॉब्स, बोरझोई जातीची, पॅरिसमधल्या एका सर्कसवाल्या घराण्यातली. गिल्मोर हार्मोनिका वाजवतो, राइट माईक धरतो आणि ती सुरात सूर मिळवते. कित्येक कुत्री पेटी ऐकूनही असंच करतात. तुकडा फिल्ममधला सर्वांत हलका आहे, आणि नाही पाहिला तरी काही बिघडत नाही.

‘एकोज’च्या मध्ये समुद्रपक्षी ओरडल्यासारखा आवाज येतो. तो कीबोर्डचा ना? आणि घरी नीट ऐकायला काय घेऊ? बजेट मर्यादित आहे. (संगमनेर)

कीबोर्डचा नाही, गिटारचा. गिल्मोरच्या वाह-वाह पेडलला, म्हणजे पायाने दाबून गिटारचा आवाज बदलायच्या यंत्राला, केबल उलट्या जोडल्या, आत जाणारी बाहेर आणि बाहेरची आत, की ते असं किंचाळतं. नाटकाच्या तालमीत माझ्या मदतनिसाने उलटी केबल जोडली असती तर मी त्याला हाकलला असता. लंडनमध्ये त्यातून गाण्याचा एक भाग उभा राहिला.

घरच्यासाठी नवीन काही घेऊ नका. टीव्हीचे स्पीकर बंद करा, ते बास खातात. जुना स्टिरिओ माळ्यावर असेल तर उतरवा, टीव्हीच्या हेडफोनच्या भोकातून वायर जोडा आणि दोन्ही स्पीकर बसण्याच्या जागेपासून सारख्या अंतरावर ठेवा. भिंतीला चिकटवू नका, बास गुरगुरेल. शेजारी कुरकुर करत असतील तर कान झाकणारा साधा वायरचा हेडफोन घ्या. फक्त ‘सॉसरफुल’ची सुरुवात बारीक आहे म्हणून आवाज वाढवून ठेवू नका, पुढे घंटा आहे.