नवा सिलिंग लाइट लागत नाही? आधी न्यूट्रल तपास

टेस्टर पेटतोय म्हणजे वायरिंग ठीक, असं धरून चालू नकोस. टेस्टर फक्त फेज (वीज आणणारी वायर) दाखवतो. न्यूट्रल (वीज परत नेणारी वायर) सुटलेला असला तरी तो पेटतोच. आधी मेन स्विच बंद कर (नुसतं भिंतीवरचं बटण नव्हे!) आणि कनेक्टरमधली (वायरी स्क्रूने जोडायचा ठोकळा) प्रत्येक वायर हलकेच ओढून बघ. घोळ बहुधा इथेच सापडतो: स्क्रू तांब्यावर न बसता वरच्या प्लास्टिकवरच आवळलेला असतो. दिसायला घट्ट, पण संपर्क शून्य.

तसं नसेल, तर जुना दिवा काढताना एकत्र पिळलेल्या वायरी सुट्या केल्यास का ते आठव. त्या जोडातून अनेकदा पुढच्या खोलीला सप्लाय जात असतो. वायरीच्या रंगावर तर मी कधीच विसंबत नाही. आवरण जळकं दिसलं, तर हात न लावता इलेक्ट्रिशियनला बोलव.