वाचकांचे प्रश्न : ट्रॉली जॅक घ्यायचाय? आधी मेजरिंग टेप काढा

प्रश्न : दादा नमस्कार. माझ्याकडे एक हॅचबॅक आहे आणि वडिलांची मोठी एसयूव्ही. टायर रोटेशन, ब्रेक पॅड, ऑइल बदलणं एवढी कामं आता घरीच करायची ठरवलीयेत. गाडीसोबत आलेल्या कातरी जॅकने जीव नको होतो म्हणून ट्रॉली जॅक (चाकांवर सरकणारा, दांडा मारून चालवायचा हायड्रॉलिक जॅक) घ्यायचाय, पण २ टन का ३ टन, लोखंडी का अ‍ॅल्युमिनियम, लो प्रोफाइल हवा का, काही कळेना. मित्र म्हणतो जास्त टनाचा घे आणि विषय संपव. पार्किंगला पेव्हर ब्लॉक आहेत, जागाही जरा कमीच.

उत्तर : नमस्कार. मित्राचा सल्ला काळजीपोटीच आहे पण टन हा आकडा सगळ्यात शेवटी बघायचा असतो. जॅक अख्खी गाडी कधीच उचलत नाही, एक कोपरा किंवा फार तर पुढची दोन चाकं उचलतो. तुमची हॅचबॅक समजा १,००० किलोची आहे, इंजिन पुढे असल्याने पुढच्या बाजूला साधारण ६०० किलो येतं, म्हणजे २ टनाला हे काहीच नाही. एसयूव्ही २ टनाच्या आसपास असेल तरी पुढची बाजू १,१०० - १,२०० किलो धरा. मग ३ टनाचा का घ्यायचा तर तो लांब-रुंद असतो, जमिनीवर पक्का बसतो आणि गाडीखाली आतपर्यंत पोचतो, वजनासाठी नाही.

खरा हिशोब मिलीमीटरचा आहे आणि बरेच लोक तिथेच फसतात. टायरमध्ये हवा बरोबर भरून गाडी सपाट जागेवर लावा, दाराखाली पत्र्याची दुमडलेली कड असते तिच्यावर चाकांजवळ दोन-दोन खाचा दिसतील, त्या खाचांमधली जागा जॅक लावायची. जमिनीपासून तिथपर्यंत टेप लावून मोजा. समजा १७० मिमी आलं. आता जॅक मारायला लागलात की बॉडी वर जाते पण चाक लगेच सुटत नाही, कारण स्प्रिंग मोकळी होत जाते आणि चाक खाली लोंबत राहतं, त्यात सहज १०० मिमी जातात. वर पुन्हा चाक काढता-घालता यावं म्हणून ५० धरा. झाले ३२०. छोट्या, बॅगेत येणाऱ्या ट्रॉली जॅकची कमाल उंची बहुतेक वेळा ३३० - ३५० च्या आसपास असते, म्हणजे हॅचबॅक कशीबशी भागली. एसयूव्हीला हाच हिशोब करा, २३० अधिक १५० अधिक ५०, म्हणजे ४३०! तिथे छोटा जॅक पूर्ण वर जाईल आणि चाक तरी जमिनीवरच. मग माणूस काय करतो तर जॅकखाली विटा ठेवतो नाहीतर वर सॅडलवर, म्हणजे गाडीला टेकणाऱ्या जॅकच्या वाटीवर, लाकडाचा तुकडा, आणि अपघात तिथेच होतात. कृपया असं कधीच करू नका. ४५० ते ५०० मिमी जाणारा घ्या.

किमान उंचीही बघा. साधे जॅक १३० मिमीच्या आसपास असतात, तुमच्या दोन्ही गाड्यांखाली बाजूने आरामात जातील. पण पुढून बंपरखालून आत सरकवायचा असेल तर बंपरची खालची कड आणि मधला क्रॉसमेंबर (गाडीखालचा आडवा मजबूत दांडा) दोन्ही मोजा, तिथे कमी पडलं तर ७५ - ९० वाला लो प्रोफाइल लागतो.

आता हे मधूनच उचलायचं कशाला, तर स्टँडसाठी, म्हणजे जॅकने उचललेली गाडी ज्यांच्यावर टेकवून ठेवायची त्या लोखंडी घोड्यांसाठी. पत्र्याच्या कडेच्या ज्या जागी जॅक लावाल तीच जागा स्टँडला पण हवी असते, दोघं एका ठिकाणी बसणार कसे? म्हणून मॅन्युअलमध्ये मधला पॉइंट दाखवलेला असेल तर तिथे जॅक लावून दोन्ही चाकं उचलायची आणि बाजूच्या खाचांखाली स्टँड सरकवायचे. मधला पॉइंट दिलेला नसेल तर अंदाजाने कुठेही लावू नका, इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीला (ऑइल संप) जॅक लावून ती फोडल्याची उदाहरणं कमी नाहीत. तेव्हा जॅक बाजूने लावून स्टँड सबफ्रेमखाली (इंजिन आणि सस्पेन्शन धरणारी गाडीखालची चौकट) मजबूत जागी घ्यायचा.

स्टँड जॅकसोबतच घ्यायचे, नंतर बघू म्हणायचं नाही. का ते सांगतो. तुम्ही दांडा मारता तेव्हा छोटा पिस्टन ऑइल मोठ्या सिलिंडरमध्ये ढकलतो आणि ते ऑइल परत येऊ नये म्हणून आत सायकलच्या छऱ्याएवढी एक स्टीलची गोळी असते, तीच सगळं धरून ठेवते, बाकी रबराचं सील. त्या गोळीखाली कचऱ्याचा एक कण अडकला की जॅक हळूहळू खाली बसायला लागतो, आवाज नाही काही नाही. मी स्वतः एकदा ब्रेकचं काम करताना पाना आणायला उठलो आणि परत येऊन बघतो तर गाडी बोटभर खाली, आणि तो जॅक नवा होता. तेव्हापासून स्टँडवर गाडी ठेवल्याशिवाय चाकाच्या आत हातसुद्धा घालत नाही. स्टँडवर ठेवल्यावर गाडीला हाताने जोरात धक्का देऊन बघायचं, हलली तर खाली घेऊन परत लावायची. हलली नाही तरच खाली शिरायचं.

पेव्हर ब्लॉकचं मात्र नीट ऐका. ट्रॉली जॅकचा हात सरळ वर जात नाही, गोलाईत जातो, त्यामुळे वर जाताना सॅडल दांड्याकडे सरकतं आणि तेवढाच जॅक चाकांवर गाडीखाली पुढे सरकायला हवा. चाक दोन ब्लॉकच्या फटीत अडकलं की जॅक जागेवर आणि सॅडल मात्र ओढतंय. माझ्या गाडीची दाराखालची कड अशीच आडवी झाली, मागच्या चाकांना गाडी घरंगळू नये म्हणून लावायचे ठोकळे होते म्हणून गाडी हलली नाही, पण रंग फुटला आणि पावसाळ्यानंतर तिथे गंज धरला. जॅकपेक्षा फूटभर लांब असं १८ मिमीचं प्लायवूड खाली टाका, पण मग बंपरखालच्या हिशोबात ते १८ मिमी मिळवायला विसरू नका. स्टँडखाली पण प्लाय हवंच. आणि सॅडलवर खाच असलेला रबरी पॅड बसवा, पत्र्याची कड त्या खाचेत बसते आणि चेपत नाही.

ठोकळे हँडब्रेक लावला तरी लागतातच, कारण बहुतेक गाड्यांत हँडब्रेक मागच्या चाकांना असतो, मागची बाजू उचलली की त्याचा उपयोग संपला.

लोखंडी का अ‍ॅल्युमिनियम, तर ३ टनाचा लोखंडी साधारण ३० - ४० किलो भरतो, अ‍ॅल्युमिनियमचा त्याहून बराच हलका. जॅक पार्किंगमध्येच राहणार असेल तर लोखंडी घ्या, जिन्यावरून वर-खाली न्यायचा असेल तर मी अ‍ॅल्युमिनियम म्हणेन, कंबर आपलीच आहे. जागा कमी म्हणताय तर लांब दांडा मारायला मागे दीड-दोन मीटर मोकळे मिळतात का तेही उभं राहून बघा.

थोडक्यात तुमच्यासाठी ३ टन, कमाल उंची ४५० च्या पुढे, आणि स्टँडची एक जोडी.

प्रश्न : माझा जुना जॅक अर्धाच वर जातो आणि दांडा मऊ लागतो. घरात ब्रेक ऑइल आहे, ते टाकलं तर चालेल का?

उत्तर : अजिबात नको! नेहमीचं ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं असतं आणि जॅकमधली सील खनिज तेलासाठी बनवलेली असतात, ती फुगून खराब होतात. हायड्रॉलिक जॅक ऑइलच टाका. मऊ लागणं म्हणजे बहुतेक हवा शिरलीये. वजन न ठेवता रिलीज व्हॉल्व्ह (जॅक खाली घ्यायला सैल करतो तो) उघडा, दांडा दहा-पंधरा वेळा पूर्ण मारा, व्हॉल्व्ह बंद करून बघा. तरी अर्धाच गेला तर सॅडल पूर्ण खाली असताना भरायच्या बुचाची पातळी बघा, कमी असेल तर भरा. ओव्हरलोडचा स्क्रू मात्र पिळू नका, जॅकच्या ताकदीबाहेर वजन उचललं जाऊ नये म्हणून कंपनीने तो सेट केलेला असतो.

प्रश्न : इलेक्ट्रिक गाडीला हाच जॅक चालतो का?

उत्तर : चालतो, फक्त मध्ये कुठेही लावायचा नाही, कारण बऱ्याच गाड्यांत बॅटरी अख्ख्या फरशीखाली पसरलेली असते. मॅन्युअलमधले पॉइंट शोधा, काही गाड्यांना तिथे घालायला वेगळे रबरी पॅड लागतात. आणि वजन पेट्रोल गाडीपेक्षा बऱ्यापैकी जास्त असतं, ते आरसीवर बघून मगच टन ठरवा.