वाचकांचे प्रश्न : डिस्क जागेवर आहे, पण सेटअपला दिसत नाही

ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने टाकायला बसल्यावर डिस्क निवडण्याची यादी रिकामी दिसते, किंवा डिस्क दिसूनही तिच्यावर काम पुढे सरकत नाही, अशा तक्रारींची बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील चार येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे, कारण ही अडचण गेल्या काही वर्षांतल्या लॅपटॉपवर फार सर्रास येते आणि तिचे निदान चुकले तर चांगली डिस्क फेकली जाते.

प्रश्न : मुलीच्या महाविद्यालयासाठी घेतलेल्या लॅपटॉपवर इंटेलचा बाराव्या पिढीचा प्रोसेसर आहे. तो संथ झाला म्हणून विंडोज ११ नव्याने टाकायचे ठरवले आणि पेनड्राइव्हही तयार केला. परंतु डिस्क निवडण्याच्या पडद्यावर एकही डिस्क दिसत नाही. ‘ड्राइव्ह सापडली नाही, स्टोरेज ड्रायव्हर लोड करा’ अशा अर्थाचा संदेश येतो. दुरुस्तीच्या दुकानात एसएसडी (आतली चिपची डिस्क) खराब झाल्याचे सांगून नवी बसवण्याचा सल्ला दिला. जुने विंडोज मात्र आजही चालू होते. काय करावे? — एक वाचक, सांगली

उत्तर : नवी एसएसडी घेऊ नये. जुने विंडोज त्याच डिस्कवरून आजही चालू होते आहे, याचा अर्थ डिस्क बिघडलेली नाही. पेनड्राइव्हवरच्या सेटअपपाशी त्या डिस्कपर्यंत पोहोचण्यासाठी लागणारा ड्रायव्हर, म्हणजे त्या भागाशी बोलणारा छोटा प्रोग्राम, नाही, एवढाच या संदेशाचा अर्थ आहे.

इंटेलच्या अकराव्या पिढीपासून, म्हणजे २०२० पासून, अनेक लॅपटॉपमध्ये एनव्हीएमई (वेगवान जोडणीची) एसएसडी थेट ऑपरेटिंग सिस्टीमला न दाखवता प्रोसेसरमधल्या ‘व्हीएमडी’ नावाच्या नियंत्रकामागे ठेवली जाते. ही सोय मुळात सर्व्हरसाठी, अनेक डिस्क एकत्र हाताळता याव्यात म्हणून केलेली होती. घरगुती लॅपटॉपमध्ये बहुधा एकच डिस्क असते, तरीही कारखान्यातून तो नियंत्रक चालू ठेवूनच यंत्र येते. लॅपटॉपबरोबर आलेल्या विंडोजमध्ये उत्पादकाने त्याचा ड्रायव्हर आधीच घातलेला असतो, म्हणून ते चालते. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून उतरवलेल्या सेटअपमध्ये तो पुष्कळदा नसतो, म्हणून यादी रिकामी राहते.

खात्री करून घ्यायची असेल तर यंत्र सुरू होताना एफ२, डिलीट किंवा आपल्या उत्पादकाने दिलेली कळ दाबून बायॉसमध्ये (यंत्राच्या मूळ मांडणीच्या पानांत) जावे आणि तेथे एसएसडीचे नाव व क्षमता दिसते का ते पाहावे. बायॉसला डिस्क दिसते आणि सेटअपला दिसत नाही, असे असेल तर दोष ड्रायव्हरचा किंवा मांडणीचा आहे. बायॉसलाच ती दिसत नसेल तेव्हाच स्क्रू-ड्रायव्हर हाती घ्यावा. दुकानदाराने एसएसडी खराब ठरवण्याआधी एवढे तरी पाहायला हवे होते.

आता उपाय. पण त्याआधी दोन गोष्टी आवर्जून कराव्यात. जुने विंडोज चालू होते आहे तोवर मुलीचे प्रकल्प, छायाचित्रे आणि कागदपत्रे बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावीत. आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाऊन बिटलॉकरची, म्हणजे डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीची, ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी. नव्या लॅपटॉपवर डिस्कचे एन्क्रिप्शन मालकाच्या नकळत चालू असण्याची बरीच शक्यता असते, आणि बायॉसमधला एखादा बदल झाला की विंडोज ती की मागते. की नसेल तर आतली माहिती परत मिळत नाही; हे नुकसान नव्या एसएसडीच्या किमतीहून कितीतरी मोठे असते.

त्यानंतर लॅपटॉपच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावर आपले मॉडेल निवडून ‘इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी’चा ड्रायव्हर उतरवावा. येथे बहुतेकांचा घोटाळा होतो. उतरवलेली फाइल ‘ईएक्सई’ प्रकारची असते आणि सेटअपला ती उपयोगी पडत नाही. त्याला आतली सुटी ‘आयएनएफ’ फाइल आणि तिच्या सोबतच्या फाइली लागतात. म्हणून ती ईएक्सई चालू असलेल्या विंडोजवर एखाद्या फोल्डरमध्ये उलगडून घ्यावी आणि तो पूर्ण फोल्डर सेटअपच्याच पेनड्राइव्हवर ठेवावा. काही उत्पादक आधीच उलगडलेले पॅकेज ‘एफ६’ या नावाने देतात. विंडोज एक्सपीच्या काळी सेटअपमध्ये एफ६ ही कळ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर द्यावा लागे, तेव्हापासून हे नाव टिकून आहे.

सेटअपमध्ये ‘लोड ड्रायव्हर’ आणि मग ‘ब्राउझ’ करून तो फोल्डर दाखवला की नियंत्रकांची नावे समोर येतात. ‘या संगणकाशी न जुळणारे ड्रायव्हर लपवा’ या चौकटीतली खूण तशीच राहू द्यावी. बाराव्या पिढीसाठी ज्या नावाच्या शेवटी ‘४६७एफ’ असते ते निवडावे; अकराव्या पिढीसाठी ‘९ए०बी’ आणि तेराव्या पिढीसाठी ‘ए७७एफ’ असते. ड्रायव्हर लागताच डिस्क आणि तिचे जुने विभाग दिसू लागतात. त्यांतले काहीही पुसण्याआधी डिस्कची क्षमता ताडून पाहावी, कारण पेनड्राइव्हही त्याच यादीत असतो.

दुसरा मार्ग म्हणजे बायॉसमध्ये व्हीएमडी नियंत्रकच बंद करणे. एकच डिस्क असेल आणि ती पूर्ण पुसून विंडोज टाकायचे असेल तर हा मार्ग सोपा आहे आणि घरच्या वापरात त्याचा काही तोटा जाणवत नाही. हा पर्याय कुठे ‘व्हीएमडी सेटअप’ या नावाने, तर कुठे स्टोरेजच्या पानावर ‘रेड’ (अनेक डिस्क एकत्र जोडण्याची मांडणी) आणि ‘एएचसीआय’ (साधी, सुट्या डिस्कची मांडणी) यांतील निवड म्हणून दिलेला असतो. एसरच्या अनेक लॅपटॉपवर बायॉसच्या ‘मेन’ पानावर कंट्रोल आणि एस या कळा एकत्र दाबल्यावरच तो प्रकट होतो. काही लॅपटॉपवर हा पर्याय दिलेलाच नसतो; तेथे ड्रायव्हरचाच मार्ग उरतो. मात्र जुने विंडोज तसेच ठेवायचे असेल तर व्हीएमडी नुसते बंद करू नये. तसे केल्यास निळ्या पडद्यावर ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असा संदेश येतो आणि विंडोज सुरू होत नाही. असे झालेच तर घाबरून फॉरमॅट करू नये. पर्याय पूर्ववत केला की बहुधा विंडोज पुन्हा चालू होते.

एक जवळचा संदेश वेगळा ओळखावा. डिस्कच्या यादीपर्यंत पोहोचण्याआधीच, ‘संगणकाला लागणारा मीडिया ड्रायव्हर नाही’ असे सेटअप म्हणत असेल तर त्याचा डिस्कशी बहुधा संबंध नसतो. तेव्हा पेनड्राइव्ह नव्याने तयार करावा आणि तो दुसऱ्या यूएसबी पोर्टमध्ये लावून पाहावा.

प्रश्न : माझ्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज १० आहे. त्याच्या शेजारी उबुंटू (लिनक्स) टाकायचे आहे, पण उबुंटूच्या सेटअपला एनव्हीएमई एसएसडी दिसत नाही. बायॉसमध्ये ‘रेड’ निवडलेले आहे. ते ‘एएचसीआय’ केले की उबुंटूला डिस्क दिसते, पण विंडोज बंद पडते. दोन्ही हवे आहे. — एक विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : दोन्ही मिळेल, फक्त विंडोजला आधी सूचना द्यावी लागते. रेडवर बसवलेले विंडोज सुरू होताना एएचसीआयचा ड्रायव्हर उचलत नाही. सेफ मोडमध्ये (मोजक्या भागांवर विंडोज चालू करण्याच्या पद्धतीत) मात्र ते मूलभूत ड्रायव्हर शोधते आणि नवी मांडणी स्वीकारते. म्हणून प्रथम बिटलॉकर चालू असल्यास तो तात्पुरता स्थगित करावा. नंतर ‘एमएसकॉन्फिग’ उघडून ‘बूट’ या पानावर ‘सेफ बूट’ आणि त्याखालचे ‘मिनिमल’ निवडावे. यंत्र पुन्हा सुरू करताना थेट बायॉसमध्ये जाऊन एएचसीआय निवडावे आणि विंडोज सेफ मोडमध्ये चालू होऊ द्यावे. तेथे पोहोचल्यावर सेफ बूटची खूण काढून यंत्र पुन्हा सुरू केले की नेहमीचे विंडोज एएचसीआयवर चालू झालेले दिसेल. सेफ मोडमध्ये पिन चालत नाही असा अनुभव अनेकांना येतो, तेव्हा खात्याचा खरा पासवर्ड आठवतो आहे याची खात्री आधीच करून घ्यावी.

लॅपटॉपमध्ये इंटेल ऑप्टेन मेमरी (डिस्कचा वेग वाढवणारी जोड) असेल, किंवा दोन डिस्क खरोखरच रेडमध्ये जोडलेल्या असतील, तर वरील बदल करू नये. ऑप्टेन आधी इंटेलच्या सॉफ्टवेअरमधून बंद करावी लागते. खऱ्या रेडची मांडणी मोडली तर माहिती जाते.

प्रश्न : डेस्कटॉपमध्ये नवी एम.२ एसएसडी बसवली. तिच्यावर विंडोज टाकताना ती दिसली, पण जुनी १ टीबीची हार्ड डिस्क गायब झाली. बायॉसमध्येही ती दिसत नाही. — एक वाचक, नाशिक

उत्तर : हार्ड डिस्क बहुधा ठणठणीत आहे. अनेक मदरबोर्डवर एम.२ ची खाच आणि एक-दोन साटा पोर्ट (हार्ड डिस्कची केबल लावण्याच्या जागा) एकाच मार्गावर असतात, एम.२ भरली की ते पोर्ट बंद होतात. कोणते पोर्ट बंद होतात ते मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. यंत्राची वीज बंद करून हार्ड डिस्कची केबल दुसऱ्या साटा पोर्टमध्ये लावावी. तरीही ती दिसली नाही तर डेटाची आणि विजेची अशा दोन्ही केबली बदलून पाहाव्यात.

उलट प्रकारही घडतो, म्हणजे एम.२ एसएसडीच दिसत नाही. एम.२ हा फक्त आकार आहे. त्या आकाराची एसएसडी साटाही असते आणि एनव्हीएमईही. काही खाचा दोन्हींपैकी एकच प्रकार स्वीकारतात. साधारणपणे जोडणीच्या कडेला दोन कापे असतील तर ती साटा आणि एकच काप असेल तर एनव्हीएमई असते, पण निर्णय डिस्कवरचे लेबल वाचूनच करावा.

फिरत्या हार्ड डिस्कमधून टक-टक असा आवाज येत असेल तर मात्र तिला वीज देणे ताबडतोब थांबवावे. ती पुन्हापुन्हा चालू करून पाहण्याने आतला पृष्ठभाग आणखी खराब होतो, आणि तज्ज्ञाला माहिती परत मिळवण्याची जी संधी असते ती कमी होत जाते.

प्रश्न : शाळेच्या संगणक कक्षातल्या एका यंत्रावर विंडोज १० आहे. त्यावर नवे विंडोज टाकताना डिस्क दिसते, पण तिची मांडणी एमबीआर प्रकारची असल्याने तिच्यावर विंडोज बसवता येणार नाही, असे सेटअप सांगते. आत शाळेची कागदपत्रे आहेत. — एक शिक्षिका, बारामती

उत्तर : तुमचा पेनड्राइव्ह यूईएफआय या नव्या पद्धतीने बूट झाला आहे, आणि त्या पद्धतीत विंडोजला जीपीटी, म्हणजे डिस्कवरच्या विभागांची नोंद ठेवण्याच्या नव्या मांडणीची डिस्क लागते; तुमची डिस्क जुन्या एमबीआर मांडणीची आहे. विंडोजच्या ‘डिस्कपार्ट’ या साधनात ‘क्लीन’ ही आज्ञा देण्याचा सल्ला तुम्हाला अनेक जण देतील. ती आज्ञा काही क्षणांत डिस्कवरचे सगळे विभाग काढून टाकते. कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घेतल्याशिवाय तिच्या वाटेला जाऊ नये.

यंत्रावर विंडोज १० आहे, म्हणून माहिती न पुसता मांडणी बदलणारे ‘एमबीआर२जीपीटी’ हे साधन वापरता येईल. सेटअपच्या पडद्यावर शिफ्ट आणि एफ१० दाबून कमांड प्रॉम्प्ट उघडावा. तेथे या साधनाला आधी ‘व्हॅलिडेट’ सांगून चाचणी घ्यावी, आणि ती यशस्वी झाली तरच ‘कन्व्हर्ट’ सांगावे. डिस्कवर तीनपेक्षा अधिक प्रायमरी विभाग असतील तर चाचणी नापास होते. तिने होकार दिला तरीही कागदपत्रांची प्रत आधी बाहेर घ्यावीच. बदल झाल्यावर बायॉसमधला ‘लेगसी’ (जुनी बूट पद्धत) हा पर्याय काढून ‘यूईएफआय’ निवडावा, नाही तर तेच यंत्र पुढच्या वेळी डिस्क असूनही बूट होणार नाही.