नागपूर ते सॅन फ्रान्सिस्को: हिशेबातले १५ तास आणि तिकिटावरचे २८

ताई, तुमचा प्रश्न असा की आईबाबांना नागपूरहून सॅन फ्रान्सिस्कोला पाठवायचंय, अंतर मोजणारी साइट १३,१०० किलोमीटर आणि १५ तास दाखवते, मग एजंट २८ तासांचं तिकीट का देतोय? आणि दिल्लीहून जावं की मुंबईहून?

एजंट फसवत नाहीये. साइट दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेते, गोलावरचं कमीत कमी अंतर काढते, ताशी ९०० किलोमीटरने भागते आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास त्यात टाकते. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून असं थेट विमान उडतच नाही, याच्याशी तिला देणंघेणं नसतं.

अंतर मात्र बरोबर आहे, आणि दिल्ली-मुंबईचा निकाल तिथेच लागतो. आपण पडलो देशाच्या मध्यावरचे, त्यामुळे कुठूनही गेलं तरी सारखंच असं धरून चालतो. हवाई अंतराने मुंबई जवळ, साधारण ६८० किलोमीटर, दिल्ली ८५५. पण पृथ्वीच्या गोलावर नागपूर ते सॅन फ्रान्सिस्को दोरा ताणून बघा. तो अरबी समुद्राकडे वळतच नाही; उत्तरेला चढत सायबेरियाच्या टोकापर्यंत जातो आणि अलास्काच्या बाजूने खाली उतरतो. म्हणून दिल्लीमार्गे एकूण अंतर थेट रेषेपेक्षा जेमतेम सव्वाशे किलोमीटरने वाढतं, मुंबईमार्गे हजारावर. दोहामार्गे तर अडीच हजारांहून जास्त, तरी नागपूर-दोहा विमानाची वेळ जुळली तर तोही पर्याय वाईट नाही, कारण थांबा एकच.

आता किलोमीटर कमी म्हणजे वेळ कमी, असंही नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर १३,९०० वरून १५,३०० किलोमीटर झालं आणि वेळ उलट सुमारे दोन तासांनी घटून साडेचौदावर आला! उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, ते पाठीशी मिळाले. मार्ग वाऱ्यावर ठरतो, तसा कोणत्या देशाचं आकाश विमानांना उघडं आहे यावरही. म्हणून दिल्लीपुढचे साधारण १६ तास धरा.

नागपूर-दिल्लीचं विमान सोडलं, तर उरलेले सगळे तास जमिनीवर जातात. ते कमी करायच्या नादात दिल्लीला दीड-दोन तासांचा थांबा घेऊ नका. टर्मिनल बदलायचं असेल, इमिग्रेशनची रांग असेल, तर वयस्कर माणसांची धावपळ होते. चार तास तरी ठेवा. दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर घ्या. नागपूरचं विमान उशिरा पोचून पुढचं चुकलं, तर दुसऱ्या विमानात बसवायची जबाबदारी कंपनीची राहते. वेगवेगळी तिकिटं काढलीत तर तुमचं तुम्ही बघा. व्हीलचेअर बुकिंग करतानाच मागून ठेवा. अमेरिकेत न्यूयॉर्कसारखा आणखी एक थांबा असला तर इमिग्रेशन आणि बॅगा तिथेच उरकाव्या लागतात, तो टाळलेला बरा.

तिकिटावरच्या वेळा बघून बाबा गोंधळतील, त्यांना आधीच सांगा. दिल्लीहून पहाटे ४ ला निघालेलं विमान १६ तासांनी उतरलं, तर आपल्याकडे रात्रीचे ८ असतात, तिकडे उन्हाळ्यात त्याच तारखेचे सकाळचे साडेसात. हिवाळ्यात आणखी एक तास मागे. येताना मात्र तारीख पुढे सरकते, तेव्हा घ्यायला जाणाऱ्याला निघण्याची नाही, नागपूरला पोचण्याची तारीख कळवा.